नडगीतलं इन्फेक्शन, रिंग आणि खानापूर-बेळगावच्या फेऱ्या

पाय मोडला, ऑपरेशन झालं, रॉड बसला, टाकेही निघाले, पण जखमेतून पाणी यायचं काही थांबत नाही, अशांसाठी हे लिहितेय. आमच्या खानापूर तालुक्यात असे बरेच जण भेटतात. कुणी पट्ट्या बदलत वर्ष काढतं, कुणी झाडपाला बांधतं, कुणी सगळंच नशिबावर सोडून देतं. मला तेव्हा हे कुणी सलग सांगितलं असतं तर निदान रात्रीची झोप तरी लागली असती. मी डॉक्टर नाही. खानापुरात ब्लाऊज-परकर शिवते. औषधांची नावं माझ्या फाईलमध्ये बघून लिहिलीत. तुमची औषधं तुमच्या रिपोर्टवरून ठरतील, माझ्या लिहिण्यावरून नव्हे.

जून २०२३ च्या शेवटी जांबोटी रस्त्यावर स्कूटर घसरली. नुकता पाऊस सुरू झालेला, रस्त्यावर तांबडा चिखल. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली आणि एक टोक कातडी फोडून बाहेर आलं. याला ओपन फ्रॅक्चर म्हणतात. त्यात इन्फेक्शनचा धोका साध्या मोडीपेक्षा बराच जास्त, कारण माती-चिखल थेट हाडापर्यंत पोचतो. त्याच रात्री एका खासगी रुग्णालयात जखम धुऊन रॉड घातला. ते रुग्णालय सरकारी योजनेत नव्हतं. बिल ऐंशी हजारांच्या वर गेलं, पाटल्या पतसंस्थेत गेल्या.

टाके निघाले तेव्हा सगळं बरं दिसत होतं. नडगीच्या मधोमध एक जागा मात्र कायम ओलसर राहायची. सकाळी गॉजवर पिवळट डाग. गोळ्या मिळाल्या, पाणी थांबलं. गोळ्या संपल्या, पुन्हा सुरू. मग दुसऱ्या गोळ्या, मग तिसऱ्या. गोळ्या चालू असताना कोरडं आणि संपल्या की ओलं, असं दोनदा झालं की हाडाच्या डॉक्टरला विचारायची वेळ झाली, हे आता मी कुणालाही सांगते.

गणपतीत तिथे पुटकुळीसारखी सूज आली आणि एका रात्री फुटली. पू गेला, ठणका एकदम कमी झाला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. "घाण गेली बघ, आता भरून येईल," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. काकूंनी मायेनेच म्हटलं, पण ते तसं नसतं. ते भोक वरवरचं नव्हतं, आत हाडापर्यंत वाट झाली होती. तिला सायनस म्हणतात. पाण्याला बाहेर यायला वाट मिळाली म्हणून ठणका कमी झाला, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये भाऊजींच्या ओळखीतून बेळगावच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखमेकडे नंतर बघितलं, आधी कागद मागितले. पहिल्या ऑपरेशनची नोट, रॉडच्या पाकिटावरचा स्टिकर, सगळे एक्स-रे, आणि आजवर कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या त्याची यादी. माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड. रॉड कुठल्या कंपनीचा, किती मापाचा हे माहीत असलं की तो काढायची हत्यारं आधी जमवता येतात, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर खोळंबा होतो. पहिल्या ठिकाणी साधा लेखी अर्ज दिला. रुग्णाने मागितल्यावर बहात्तर तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. भाऊजींनी काउंटरवर तो शांतपणे सांगितला आणि झेरॉक्स मिळाल्या. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवा.

मग डॉक्टरांनी समजावलं ते मला आजही पाठ आहे. जंतू रॉडवर आणि मेलेल्या हाडावर बुळबुळीत थर धरतात, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा. रक्तातून आलेलं औषध त्या थराखाली पुरेसं पोचत नाही. मेलेल्या हाडाला तर रक्तच नसतं, मग औषध पोचणार कुठून? म्हणून गोळ्यांनी वरचे जंतू मरतात, पाणी थांबतं, आणि थरातले पुन्हा वाढतात. "अक्का, आधी आत कोण बसलंय ते बघायचं, मग औषध," असं ते म्हणाले.

रक्ताच्या तपासण्या झाल्या: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज-इन्फेक्शन असलं की हे वाढतात), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). सीआरपी चाळीसच्या वर होता, आमच्या लॅबच्या कागदावर सहाच्या आत नॉर्मल. एकट्या आकड्यावर काही ठरत नाही, तो चढतोय की उतरतोय हे बघतात. म्हणून शक्य तो एकाच लॅबमध्ये करा. मी वहीच्या एका पानावर तारखा आणि आकडे खाली खाली लिहीत गेले. पुढे डॉक्टर आधी तेच पान मागायचे.

सायनसच्या तोंडावरचा पू कापसाने टिपून कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायला, पाठवायला त्यांनी नकार दिला. वर कातडीवरचे जंतू असतात, ते आतल्यांशी जुळतीलच असं नाही. नमुना ऑपरेशनमध्ये आतून, हाडाजवळून घ्यायचा. आणि त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक पूर्ण बंद. हे ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधीच पू येतोय आणि औषध बंद? पण औषध पोटात असताना घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा जंतू वाढत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो, मग पुन्हा अंदाजाने गोळ्या. ताप, थंडी किंवा पाय लालभडक झाला तर वाट न बघता यायचं, असं त्यांनी बजावून लिहून दिलं. ते दोन आठवडे मी थर्मामीटर उशाशी घेऊनच काढले.

त्याच भेटीत मी हिंमत करून विचारलं, "पाय काढावा लागेल का?" हे विचारायला मी घाबरत होते, आमचे हे तर खिडकीकडे बघत उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, तसं आज दिसत नाही, रक्तपुरवठा चांगला आहे, बोटं हलतायत, साखर नाही. पण वर्ष जाईल आणि एकाहून जास्त ऑपरेशनं लागतील. खोटा धीर दिला असता तर पुढे मी कोलमडले असते. वर्ष म्हणाले म्हणून मी वर्षाची तयारी केली. तुम्हीही हा प्रश्न विचारा, मनात ठेवून झुरू नका.

आता कागदपत्रांचं. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या तीस टक्के, तेही दीड लाखाच्या मर्यादेत. आमचं कार्ड बीपीएल. ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनसाठी योजनेतल्या खासगी रुग्णालयात जायचं तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. अपघाताच्या तातडीत ते लागत नाही. आमचं ऑपरेशन आता तातडीचं नव्हतं, म्हणून पत्र हवंच. सकाळी लवकर केस पेपर काढला. आधार, रेशन कार्ड, आधीचे एक्स-रे आणि बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. तपासून पत्र मिळायला अख्खा दिवस गेला. पायाला टेकू द्यायला स्टूल मिळेल का हे विचारायला लाजू नका, मला शिपाईमामांनी लगेच आणून दिलं.

रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, त्याच्यापाशी कागद दिले की तो मंजुरीसाठी पाठवतो. रेशन कार्डावर माझं नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या, त्यावरून अडलं. ग्रामवन या सरकारी सेवा केंद्रात जाऊन दुरुस्ती केली, त्यात दिवाळी आली, मंजुरी पुढे गेली. सीमाभागातल्या आपल्या लोकांची नावं मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत जाताना हमखास बदलतात. दवाखान्याची गरज नसतानाच एकदा सगळी कार्डं शेजारी ठेवून ताडून बघा. फॉर्म कन्नडात असतात. मला बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून भाऊजी सोबत असायचे. सहीआधी प्रत्येक कागद वाचून घ्या, विशेषतः संमतीपत्र. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, त्याचीही आम्ही चौकशी केली होती. पण माझे डॉक्टर बेळगावात आणि रोजची धावपळ बेळगावची, त्यामुळे इथल्याच कार्डावर उपचार घेतले.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ऑपरेशन झालं. रॉड काढला, हाडाची नळी आतून धुतली, मेलेलं हाड रक्त दिसेपर्यंत काढलं. पाच वेगवेगळ्या जागांचे नमुने, पाच वेगळ्या बाटल्या. दोनतीन बाटल्यांत एकच जंतू निघाला तर तो खरा धरायचा, एकातच निघाला तर हवेतला किंवा कातडीवरचाही असू शकतो. एक तुकडा पॅथॉलॉजीला आणि एक टीबीच्या तपासणीला. आपल्याकडे टीबी हाडातही असतो, म्हणून ही तपासणी झाली का हे विचारून घ्या. पोकळीत औषध मिसळलेल्या सिमेंटच्या मण्यांची माळ ठेवली आणि बाहेरून रॉडची चौकट लावली. मोडलेलं हाड हललं तर इन्फेक्शनही हटत नाही, म्हणून ते घट्ट धरून ठेवणं औषधाइतकंच महत्त्वाचं.

पहिला रिपोर्ट दोनतीन दिवसांत येतो. पण हळू वाढणाऱ्या जंतूंसाठी बाटल्या चौदा दिवसांपर्यंत ठेवतात, शेवटचा रिपोर्ट तेव्हाचा. माझ्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला, आणि तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, ज्याला एमआरएसए म्हणतात. हाडाच्या इन्फेक्शनमध्ये स्टॅफिलोकॉकस सगळ्यात जास्त आढळतो. कागदावर औषधांची रांग आणि पुढे एस किंवा आर. एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. पावसाळ्यापासून घेतलेल्या गोळ्या मी त्या रांगेत शोधल्या. सगळ्यांपुढे आर होतं. फार वेळ मी तो कागद हातात धरून बसले.

आधी व्हॅन्कोमायसिन. ते सलाईनमधून सावकाश, तासाभराहून जास्त वेळ द्यायचं. भरभर गेलं तर मान-छाती लाल होऊन खाज सुटते. मला एकदा तसं झालं, सिस्टरना सांगितल्यावर त्यांनी वेग कमी केला आणि उतरलं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासत होते. घरी सोडताना टायकोप्लॅनिन दिलं, ते दिवसातून एकदाच असतं, त्यामुळे खानापुरातल्याच दवाखान्यात रोज घेता आलं. हे योजनेबाहेर, पदरचं. हॉस्पिटलच्या इंजेक्शनांवर छापील किंमत मोठी असते आणि मेडिकलवाले त्यात बरीच सूट देतात, पण विचारावं लागतं. मी दोनतीन ठिकाणी फोन करून घेतलं, खर्च जवळपास निम्म्यावर आला. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार त्या काळात इंजेक्शन आणि अंड्यांवर गेले.

दोन आठवड्यांनी लिनेझोलिडच्या गोळ्या, सगळं मिळून सहा आठवडे. या गोळीने रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून दर आठवड्याला सीबीसी. माझ्या प्लेटलेट उतरायला लागल्या होत्या, पण कोर्स संपेपर्यंत निभावलं. नजर अंधुक होणं किंवा तळपायाला मुंग्या येणं हेही लगेच कळवायचं. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगायचं, दोन्ही एकत्र धोक्याचं असतं.

वॉर्डात माझ्या शेजारी निपाणीकडच्या एक आजी होत्या, मांडीच्या हाडाचं असंच झालेलं. डॉक्टरांनी त्यांना सगळ्यात आधी मिश्री विचारली. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला वेळ लागतो. मग ती ओढा, चघळा नाहीतर दातांना लावा. आपल्याकडच्या बायका मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत. घरी आल्यावर सासूबाईंची डबीसुद्धा मी सुटवली, रागावल्या, पण सुटली.

जानेवारी २०२४ मध्ये सीआरपी नॉर्मलला आला, जखम कोरडी. मग मणी काढून रिंग लावली, म्हणजे पायाभोवती बाहेरून धातूची कडी, हाडातून आरपार गेलेल्या तारांनी धरलेली. तीन सेंटिमीटर हाड कमी पडत होतं म्हणून. ही पद्धत सायबेरियातल्या कुर्गान गावच्या डॉक्टर इलिझारोव्ह यांची, १९५० च्या दशकातली. गुडघ्याखाली हाडाला बारीक काप देतात, आठवडाभर थांबतात, मग मधला तुकडा तारांनी हळूहळू खाली सरकवतात. दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. मागे जी फट पडते तिच्यात आपलंच नवीन हाड तयार होतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. आमचे हे दहा नंबरचा पाना घेऊन बसायचे. नटच्या एका बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, म्हणजे किती फिरलं ते कळे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केल्याशिवाय पाना खाली ठेवायचा नाही, असा नियमच केला. फिरवताना दुखत नाही, तासाभराने ताण जाणवतो. रात्रीचा ठणका खरा. उशी पोटरीखाली न घेता टाचेखाली घेतली की मला बरं वाटायचं.

तारा जिथे कातडीत शिरतात ती जागा रोज सलाईनने साफ करायची, प्रत्येक तारेला नवा गॉज, एकीचा दुसरीला नाही. तारेभोवती लाली, घट्ट पू, अचानक वाढलेलं दुखणं किंवा तार सैल वाटणं, यातलं काहीही झालं तरी फोन करायचा. एका तारेला तसं झालं, थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी बसलं.

कपड्यांचं कुणी सांगत नाही. रिंगवरून परकर जातच नाही. मी बाजूने शिवण कमरेपर्यंत उसवली आणि वीतभर अंतराने नाड्यांच्या जोड्या लावल्या. बांधल्यावर नेहमीच्या परकरासारखाच दिसतो. जुन्या सुती लुगड्याची दुपदरी पिशवी शिवून रिंगवर घालायची, वर आणि खाली नाडी. धूळ, माशा, लोकांच्या नजरा, तिन्हींपासून सुटका. पाऊल खाली लोंबून टाच आखडू नये म्हणून तळव्याखाली पट्टा घेऊन तो रिंगला बांधला. हा पट्टा फार महत्त्वाचा आहे. घोटा एकदा आखडला की हाड जुळूनही चालता येत नाही. वॉर्डातल्या दोघीतिघींना मी हे परकर शिवून दिले. कुणाला हवं असेल तर कोणत्याही शिंप्याला एवढं सांगितलं तरी जमेल.

रिंगमध्ये पाय टेकायची परवानगी असते, उलट टेकायलाच सांगतात, भार पडला की हाड पक्कं होतं. वॉकरवर अंगणात फेऱ्या. मशीनला मोटर बसवून डाव्या पायाने शिवायला लागले, तेव्हा घरखर्चाचा घोर थोडा कमी झाला. बेळगावला जायला बायकांना शक्ती योजनेची एसटी फुकट, आधार दाखवलं की झालं, पण सकाळच्या गर्दीत रिंग घेऊन चढणं जमणारच नाही. आम्ही दुपारची बस धरायचो आणि कंडक्टरला आधीच सांगायचो. चालवणारे-चढणारे सगळे जागा करून देतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मात्र भाड्याची गाडीच घ्या.

महिनाभरात सरकवणं संपलं, पण खरी वाट बघणं त्यानंतरचं. नवीन हाड एक्स-रेत आधी धुरकट दिसतं. एका सेंटिमीटरला साधारण दीड महिना धरा, असं डॉक्टर म्हणाले होते, माझं त्याहून लांबलं. दर एक्स-रेला आशा आणि दर वेळी "अजून थोडं". मे महिन्यात मी खूप खचले. जेवण जाईना, कुणाशी बोलावंसं वाटेना. हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते गंभीरपणे घेतलं, फिजिओथेरपिस्टने रिंगवाल्या दुसऱ्या एका बाईंशी फोनवर बोलणं करून दिलं. त्या बोलण्याने मला जेवढं बळ आलं तेवढं कशाने आलं नाही.

रिंग काढायची तारीख पितृपक्षात आली. नवरात्रानंतर बघू, असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं होतं. मी गेले. नंतर काही आठवडे प्लास्टर, मग बेल्ट, मग काठी.

आज मी काठीशिवाय चालते. उजवा पाय किंचित आखूड आहे, चपलेत जाड तळ घातलाय. घोटा पूर्वीइतका वाकत नाही, मांडी घालून बसता येत नाही. हाडाचं इन्फेक्शन वर्षांनंतरही डोकं वर काढू शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून जुन्या जागी लाली, ऊब, ठणका किंवा ओल दिसली तर कुणाच्याही सांगण्यावरून अँटिबायोटिक सुरू करायचं नाही, आधी त्यांना दाखवायचं. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून कपाटात वरच ठेवलीय, कल्चरचा रिपोर्ट सगळ्यात पुढे. पुढच्या तपासणीची तारीख पावसाळ्याआधीची मागून घेतलीय.